फायबरच्या टपाची निगा

आमच्या गडचिरोलीकडे पॉलिश हा शब्द नवा नाही. आलापल्लीच्या सागाचे नाव दूरवर गेलेले, तेव्हा घरात सागवानाचे एखादे दार, एखादा पलंग असायचाच. सुतार काम पुरे करतो, लाकूड घासून गुळगुळीत करतो, आणि मग चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने त्याचे हात देऊ लागतो. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. चपडा म्हणजे आपली लाखच. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर बसणारे बारीक किडे ती राळ तयार करतात. दहा-वीस हात झाले म्हणजे लाकडात आपले तोंड दिसू लागते. या पॉलिशमध्ये प्रत्येक हाताने वर काहीतरी चढते, भर पडते. हे आपण लक्षात ठेवू या, कारण आज मला ज्या पॉलिशविषयी बोलायचे आहे ते याच्या अगदी उलट आहे, आणि नाव मात्र दोघांचे एकच आहे. या एका नावाने मला फसवले, आणखीही पुष्कळांना फसवले असेल.

विषय आहे फायबरच्या गाड्यांचा. गाड्यांचा म्हणण्यापेक्षा गाड्यांच्या अंगाचा. प्रवासी जीपचा टप, ट्रॅक्टरची छत्री, ऑटोरिक्षाचे छप्पर, कित्येक बसगाड्यांचे पुढचे आणि मागचे तोंड, ही आज पुष्कळदा फायबरची असतात. फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर नावाची कृत्रिम राळ यांचा मिलाफ. भिंतीला गिलावा करताना मातीत तूस घालतात, ते तूस माती धरून ठेवते. तसे येथे काचेचे तंतू राळेला धरून ठेवतात. हा पदार्थ हलका आहे, त्याला गंज चढत नाही, आणि थोड्या संख्येने वस्तू करायच्या असतील तर तो स्वस्त पडतो. कारण पोलादाचा पत्रा दाबायला मोठाली यंत्रे आणि महागडे ठसे लागतात, फायबरला एक साचा पुरतो. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरले कंपनीने कॉर्व्हेट ही फायबरच्या अंगाची मोटार काढली. पहिल्या वर्षी तिचे नग निघाले अवघे ३००. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली डॉल्फिन नावाची छोटी मोटार आणली, तीही फायबरचीच. पुढे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची उघडी गाडी तयार होत असे, तिचेही अंग याच पदार्थाचे. थोड्या संख्येने निघणाऱ्या गाड्यांना फायबर का मानवते, ते यावरून ध्यानात येईल.

आता या पदार्थाची एक गंमत पाहा. पोलादी गाडी आधी तयार होते आणि मग तिला रंग देतात. फायबरचे उलटे. कारागीर साच्याला आतून मेण घासून आरशासारखा करतो. त्या साच्यात सर्वांत आधी रंग कालवलेल्या राळेचा एक थर देतो. याला जेलकोट म्हणतात. तो जरा आळला की त्यावर काचतंतूंची चटई आणि राळ, पुन्हा चटई आणि राळ. सगळे घट्ट झाले की वस्तू साच्यातून उपटून काढतात, आणि सर्वांत आधी घातलेला तो थर सर्वांत वर येतो. म्हणजे फायबरच्या गाडीचा रंग तिला जन्माआधीच लागलेला असतो. हा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढा. मोटारीच्या नेहमीच्या रंगापेक्षा तो चार-पाच पट जाड असतो खरा, परंतु जे आहे ते एवढेच. त्याच्याखाली थेट काचेचे तंतू.

आणि येथेच दोन पॉलिशांतला फरक समजतो. सुताराचे पॉलिश भर घालते. गॅरेजमधले पॉलिश घट करते. रबिंग कंपाउंड म्हणून जी दाट खळीसारखी वस्तू मिळते, तिच्यात अतिशय बारीक, कठीण कण असतात. ते वरचा निस्तेज पापुद्रा खरवडून काढतात आणि खालचा ताजा थर उघडा करतात. चकाकी येते ती काही लावल्यामुळे नव्हे, काढल्यामुळे. एखाद्याने बँकेत एकदाच रक्कम ठेवावी, पुन्हा कधी भर घालू नये, आणि प्रत्येक सणाला त्यातून थोडे थोडे काढावे, तसा हा व्यवहार आहे.

ही अक्कल मला फुकट आली नाही. आमच्या घरी शेतीच्या कामाला घेतलेली एक जुनी जीप होती. तिचा फायबरचा टप एके काळी पांढराशुभ्र होता म्हणे. आमच्याकडे आली तेव्हा तो खडूसारखा झालेला. हात लावला की तळव्याला पांढरी पूड लागे. घरातल्या एका लग्नाच्या आधी मी कपडे धुण्याच्या पावडरीने तो खसखसून धुतला, दुकानातून कंपाउंडचा सर्वांत भरड डबा आणला, ओळखीच्या गॅरेजमधले फिरते यंत्र मागून आणले आणि दिवसभर टप घासला. संध्याकाळी तो असा चमकला की शेजारी पाहायला आले. मीही खूश. पंधरा दिवसांनी चमक गेली. मी पुन्हा घासला. पुढच्या वर्षी होळीला पुन्हा. तिसऱ्या खेपेला टपाच्या कडांवर बारीक जाळी दिसू लागली, कापडाच्या विणीसारखी. मला वाटले मळ असेल, म्हणून मी तेथे अधिक जोर केला.

मग एकदा आईला दवाखान्यात न्यायचे होते. जीपमध्ये चढताना तिने टपाच्या कडेला हात धरला. संध्याकाळी तिचा तळहात खाजू लागला, लाल झाला. भिंगातून पाहिले तेव्हा दिसले, केसाहून बारीक अशा काचेच्या कुसळी. मी ज्याला मळ समजलो होतो ते टपाचे उघडे पडलेले हाड होते.

माझा एक जुना विद्यार्थी चंद्रपूरला फायबरच्या दुरुस्तीचे काम करतो. त्याच्याकडे जीप नेली. त्याने कडेवरून नख फिरवले, हसला आणि म्हणाला, "सर, तुमी हे चमकवलं नाही जी, सोललं." मी विचारले, "आता काय करायचे?" तो म्हणाला, "आता घासाचं नाही. आता झाकाचं." पुढे त्याच्या दुकानात बसून जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

पहिला प्रश्न, फायबर निस्तेज होते कशाने? गंज चढत नाही म्हणून लोक समजतात की त्याला काही होत नाही. फायबर कुजत नाही हे खरे, पण ते म्हातारे होते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून राळेच्या रेणूंच्या साखळ्या वरून वरून तोडत जातात. राळ झडते, रंगाचे कण मोकळे पडतात. तीच ती हाताला लागणारी पूड. मग पृष्ठभागावर सूक्ष्म भोके होतात, त्यांत पाणी आणि मळ शिरतो. चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन कसे असते ते मी सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे सहज जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या टपावर हात टेकवत नाही. लाल, निळे असे गडद रंग तर फार लवकर विटतात.

उन्हाच्या जोडीला आमच्याकडे धूळ आहे, आणि ती साधी धूळ नाही. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राची राख. इकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाची तांबडी भुकटी. राखेतले आणि खनिजातले पुष्कळ कण जेलकोटपेक्षा कठीण असतात. सकाळी उठून क्लीनर पोरगा कोरडे फडके घेऊन गाडी पुसतो, तेव्हा तो गाडी स्वच्छ करत नसतो. वॉटर पेपर मारत असतो. म्हणून पहिला नियम असा की फायबरला कोरडे फडके कधी लावू नये. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहवून द्यावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने धुवावे, आणि तेही सावलीत, टप थंड असताना. धुण्याची तिखट पावडर, थिनर, नखांचा रंग काढायचे ॲसिटोन, यांपैकी काही वापरू नये. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने घटकाभर ओलसर चमक येते, पण त्या तेलकटपणावर दुपारपर्यंत तीच तांबडी धूळ बसते आणि पुढच्या फडक्याखाली चरचरते.

झाडाची सावली बरी, परंतु झाड पाहून गाडी लावावी. मोहाखाली लावाल तर फुलांचा गोड चिकटा पडेल. लाख बसलेल्या पळसाखाली किंवा कुसुमाखाली लावाल, तर लाखेचे किडे एक गोड रस टाकतात, तो सांडेल आणि त्यावर काळी बुरशी येईल. पाखरांची विष्ठा पडली तर ती वाळू न देता ओली करून काढावी. त्यापेक्षा अंगणात साधा मांडव घालावा, हे सर्वांत स्वस्त औषध. ताडपत्री थेट अंगावर बांधू नये. वाऱ्याने ती फडफडते आणि खालची धूळ घासते, शिवाय पावसाळ्यात आत दमट कोंडते.

दुसरा प्रश्न, घासावे की नाही हे ओळखायचे कसे? यासाठी माझ्या विद्यार्थ्याने दाखवलेली एक परीक्षा इतकी सोपी आहे की ती मला आधी कुणी सांगितली असती तर टप वाचला असता. टप धुऊन वाळवावा आणि निस्तेज जागेवर ओले फडके फिरवावे. पाणी आहे तोवर मूळचा रंग एकसारखा, भरलेला दिसला, तर जेलकोट शाबूत आहे. नुसता वरचा पापुद्रा मेला आहे, तो काढला की काम होईल. पण ओल्यामध्ये विणीसारखी जाळी दिसली, किंवा खालचा पिवळट-हिरवट रंग डोकावला, तर थांबावे. तेथे घासण्यासारखे काही उरलेले नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. पुष्कळ फायबरवर नंतर साधा रंग मारलेला असतो. एखाद्या जुन्या ओरखड्यात डोकावून पाहा. आतही तोच रंग खोलवर दिसला तर तो जेलकोट. आत वेगळ्या रंगाचा अस्तर किंवा लांबी दिसली तर तो वरून दिलेला रंग. तो फार पातळ असतो आणि त्याला कंपाउंड आणखी जपून लावावे लागते.

घासायचे ठरले, तर आधी हलके, मग लागले तरच भारी. सर्वांत बारीक कंपाउंड घेऊन हातभर जागेवर हातानेच करून पाहावे. तेवढ्याने भागले तर भरड डबा उघडूच नये. यंत्र वापरायचे असेल तर पॉलिशचे, सावकाश फिरणारे. लोखंड कापायचा ग्राइंडर नव्हे. तो इतक्या वेगाने फिरतो की राळ जळते. एका जागी यंत्र थांबवू नये, आणि कडा, कोपरे, उंचवटे येथे यंत्र अजिबात नेऊ नये. साच्यात कोपऱ्यांवर जेलकोट बहुधा पातळ बसलेला असतो, आणि यंत्राचा दाब नेमका तेथेच एकवटतो. माझ्या टपाची हाडे आधी कडांवर दिसली ती याच कारणाने. ओरखडा खोल असेल तर हजार-बाराशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, मग दोन हजाराचा, आणि मग कंपाउंड. ओरखड्याचा तळ गाठेपर्यंत घासत बसू नये. थोडा ओरखडा राहिला तरी बिघडत नाही. टप राहणे महत्त्वाचे.

एवढे झाले म्हणजे लोक समजतात काम संपले. खरे काम येथून सुरू होते. नुकताच उघडा केलेला थर उन्हापुढे अगदी नागवा असतो. माझी चमक पंधरा दिवसांत गेली ती यामुळेच. मी दर खेपेला सोलले, आणि झाकले एकदाही नाही. त्याच दिवशी वर मेण चढवावे. येथे पॉलिशचा सुताराकडचा अर्थ परत येतो, कारण मेण भर घालते. मात्र आपल्या रानातले मधाचे मेण या कामाचे नाही. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि उन्हाळ्यात त्याआधीच मऊ पडून धूळ धरते. कार्नाउबा नावाचे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांचे मेण असते. ते ८० अंशांच्या वर वितळते, म्हणून आपल्या उन्हात टिकते. गाड्यांच्या चांगल्या मेणांत ते घातलेले असते. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मऊ कापडाने पुसावा, मग दुसरा हात. जाड थर देण्यात हशील नाही. जास्तीचे मेण पुसूनच जाते.

हे मेणही झिजते. पाणी टपावर पडून त्याचे मणी होतात तोवर मेण आहे असे समजावे. पाणी पसरू लागले की संपले. आपल्या हवामानात वर्षातून दोनदा तरी ते द्यावे. एकदा होळीच्या आधी, ऊन तापण्यापूर्वी. आणि एकदा पाऊस सरला की दसऱ्याला. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतोच. हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्या आधी मेण दिले असेल तर हळदीचा आणि तेलकट शेंदराचा डाग मुरत नाही, दुसऱ्या दिवशी धुतला की जातो. म्हणजे पूजा आणि निगा एकाच दिवशी पदरात पडतात.

आता ज्यांचा टप माझ्या टपासारखा सोलला गेला आहे त्यांनी काय करावे? जेथे काच उघडी पडली आहे तेथे पाणी शिरते आणि तंतूंच्या कडेकडेने आत झिरपत जाते. तो भाग पूर्ण वाळवून, हलका घासून, त्यावर नवा जेलकोट किंवा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा लागतो. टपाला ताऱ्यासारख्या भेगा असतील तर त्या बहुधा बोल्ट अति आवळल्यामुळे किंवा धक्क्याने पडलेल्या असतात. कच्च्या रस्त्यावर गाडी हादरते म्हणून ड्रायव्हर बोल्ट आणखी आवळतो, आणि भेग आणखी वाढते. बोल्टाखाली रबरी वायसर घालावा. आवळण्यापेक्षा तो अधिक कामाचा. भेग भरताना आधी ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी उघडून घेतात आणि मग जेलकोट भरतात. साधा जेलकोट उघड्या हवेत वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा कागद दाबून ठेवतात.

हे काम जाणत्याकडून करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचे कारण पैशाचे नाही. राळ घट्ट करायला जे हार्डनर घालतात ते साधारण शेकडा एक ते दोन एवढेच लागते, पण त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तसा थेंब उडालाच, तर एक क्षण न दवडता पंधरा-वीस मिनिटे पाण्याने डोळा धूत राहावे आणि तसेच दवाखाना गाठावा. हे हार्डनर आणि कोबाल्टचे प्रवेगक थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. पेट घेतात, स्फोटही होतो. एक आधी राळेत पूर्ण ढवळावे, मगच दुसरे. आपल्या गॅरेजांतून बारा-चौदा वर्षांची पोरे उघड्या डोळ्यांनी, उघड्या नाकाने फायबर घासताना मी पाहिली आहेत. पोरे या कामावर असूच नयेत. मोठ्यांनीही ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये. पाणी लावून घासावे म्हणजे भुकटी उडत नाही. नाकाला नीट बसणारा मुखवटा, डोळ्याला चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. दोन भागांचा रंग फवारायचा असेल तर साधा रुमाल मुळीच पुरत नाही. त्याला वाफ अडवणारा खास मुखवटा लागतो. मालकाने गाडी टाकताना एवढे विचारले तरी पुष्कळ होईल: "घासणाऱ्याला चष्मा आहे ना?" गाडीच्या चमकेसाठी कुणाचा डोळा जाऊ नये.

आमचा टप दुरुस्त झाला. पांढरा होता, आता फिकट करडा आहे, आणि आरशासारखा चमकत नाही. कडेला जेथे आईचा हात गेला होता तेथे माझ्या विद्यार्थ्याने आपण होऊन रबराची पट्टी बसवून दिली. मी होळीला आणि दसऱ्याला मेणाचे दोन हात देतो. शेजारी विचारतात, "सर, हल्ली पॉलिश नाही करत का जी?" मी म्हणतो, "करतो ना. पण आता सुतारासारखे."

आपल्या अंगणात जर अशी एखादी गाडी, छत्री किंवा टप असेल, तर उद्या सकाळी कोरडे फडके बाजूला ठेवा. आधी पाण्याचा एक हात फिरवून पाहा, आणि ओल्यामध्ये काय दिसते त्यावरून घासायचे की झाकायचे ते ठरवा.